नवीन वर्षाची वैयक्तिक ध्येयं: तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता ते प्रश्न

दरवर्षी डिसेंबर अर्धा सरला की मेसेज यायला लागतात, "या वर्षी काय ठरवू?", आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच लोकांचे मेसेज येतात, "मोडलं, आता काय करू?". असे सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत, सोपे आधी आणि अडचणीचे नंतर. जिथे उत्तर एकमेकांत अडकलंय तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. ध्येय ठरवताना आपल्या डोळ्यासमोर आपला चांगला दिवस असतो, झोप झालेली, मूड छान, घरात कुणी आजारी नाही, आणि प्रत्यक्षात त्या ध्येयाची गाठ पडते ती वाईट दिवसाशी. म्हणून खाली हा वाईट दिवस परत परत येणार आहे, मुद्दामच.

१. संकल्प, ध्येय, सवय हे सगळं एकच ना?

नाही, आणि हा फरक लक्षात आला की बराच गोंधळ मिटतो. संकल्प म्हणजे दिशा: "या वर्षी तब्येतीकडे बघायचं". ध्येय म्हणजे त्या दिशेवरचा एक मुक्काम, आणि तिथे पोचलो का नाही हे दुसऱ्या कुणालाही बघून सांगता आलं पाहिजे: "जूनपर्यंत न थांबता ५ किलोमीटर पळता यायला हवं". सवय म्हणजे फार विचार न करता आपोआप होणारी गोष्ट, जसं आपण झोपताना दार लावलंय का ते बघतो. बहुतेक जण संकल्पावरच थांबतात, मनाला बरं वाटतं, पण सोमवारी संध्याकाळी ७ वाजता नक्की काय करायचंय हे कुणालाच माहीत नसतं.

२. १ जानेवारीलाच सुरू करायला हवं का? फेब्रुवारीत केलं तर?

कधीही करा. पण तारखेचा उपयोग काहीच नाही असंही नाही. हेंगचेन डाय, केटी मिल्कमन आणि जेसन रीस या तिघांनी २०१४ मध्ये एक पेपर छापला, त्यात गुगलवर "डाएट" शोधणाऱ्यांचे आणि जिमला येणाऱ्यांचे आकडे तपासले होते. हे आकडे वर्षाच्या सुरुवातीला वाढतात तसेच महिन्याच्या आणि आठवड्याच्या सुरुवातीलाही वाढतात. नवीन पान उलटल्यासारखं वाटतं, मागच्या चुका "जुन्या मी"च्या खात्यात जातात. मग ही संधी वर्षातून एकदाच येते असं कशाला धरायचं, आठवड्याला एक सोमवार येतोच की.

माझं स्वतःचं मत विचाराल तर १ जानेवारी हा सुरुवातीला तसा अवघडच दिवस आहे. आदल्या रात्रीचं जागरण, सुट्टी, रूटीन विस्कटलेलं. त्यापेक्षा रोजचं चक्र सुरू झाल्यावरचा पहिला साधा दिवस बरा, कारण ध्येय शेवटी त्या चक्रातच बसवायचंय.

३. संकल्प टिकतच नाहीत म्हणतात, मग करायचे तरी कशाला?

हा प्रश्न दरवर्षी सगळ्यात जास्त येतो, आणि तो विचारणारे बहुतेक जण आधी कधीतरी मनापासून प्रयत्न करून थकलेले असतात, म्हणून नीट सांगते.

जॉन नॉरक्रॉस नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८० च्या दशकात नवीन वर्षाचा संकल्प केलेल्या २०० लोकांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. पहिला आठवडा टिकले ७७ टक्के, दोन वर्षांनी उरले १९ टक्के. लोक यातला १९ चा आकडा धरतात आणि म्हणतात बघा, काही अर्थ नाही. पण २००२ मध्ये त्यांचाच दुसरा अभ्यास आला, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात दोन गट होते, दोघांनाही स्वतःत बदल हवाच होता, फरक एवढाच की एका गटाने संकल्प केला आणि दुसऱ्याने "बघू पुढे" म्हटलं. सहा महिन्यांनी संकल्प केलेल्यांपैकी ४६ टक्के लोक टिकून होते आणि "बघू पुढे" वाल्यांपैकी ४ टक्के. हे आकडे लोकांनी फोनवर स्वतःच सांगितलेले आहेत, त्यामुळे थोडे फुगलेले असतील, पण ४६ आणि ४ मधलं अंतर त्याने भरून निघत नाही.

म्हणजे संकल्प टिकण्याची खात्री नाही हे खरंच, पण नुसत्या इच्छेची अवस्था त्याहून कितीतरी वाईट आहे.

४. एका वर्षात किती ध्येयं घ्यावी?

मोठं एक, लहान एखादं. बस. मी एका वर्षी अकरा लिहिली होती, मार्चमध्ये त्यातली सहा आठवायला वही उघडावी लागली. प्रत्येक ध्येयाला वेळ तर लागतोच, वर लक्ष पण लागतं, आणि लक्षाचा साठा आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार छोटा असतो. ज्यांना अगदीच जास्त हवीत त्यांनी ती वर्षभरात पसरावी, पहिले तीन महिने एक, ते जरा रुळलं की पुढचं. बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी १३ गुणांची यादी केली होती आणि दर आठवड्याला त्यातल्या एकावरच जास्त लक्ष द्यायचं असा नेम ठेवला होता, म्हणजे १३ आठवड्यांचा एक फेरा आणि वर्षाला चार फेरे. तेरा गोष्टी एकदम उचलायच्या नाहीत एवढं त्यांनाही कळत होतं.

५. ध्येय नेमकं लिहायचं कसं? "स्मार्ट" वापरू का?

वापरा, हरकत नाही. जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये मॅनेजमेंटच्या एका मासिकात ते मांडलं होतं, ऑफिसातल्या मॅनेजर लोकांसाठी. ध्येय कसं असावं याच्या पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं मिळून हे "स्मार्ट" होतं, म्हणजे नेमकं असावं, मोजता यावं, मुदत असावी वगैरे. त्यामागचा पक्का पाया मात्र एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांच्या संशोधनात आहे, "जमेल तेवढं करा" म्हणण्यापेक्षा नेमकं आणि थोडं कठीण टार्गेट दिलं की माणसं जास्त काम करतात हे त्यांनी अनेक वर्षं दाखवून दिलं.

आता यातली एक मेख. त्याच दोघांच्या कामात हेही दिसतं की गोष्ट अगदी नवीन आणि गुंतागुंतीची असेल तर निकालाचं टार्गेट उलट त्रास देतं. गिटार कधी हातातच धरली नाही आणि "डिसेंबरला स्टेजवर वाजवणार" असं लिहिलं तर प्रत्येक चुकीला धडकी भरते. अशा वेळी शिकण्याचं ध्येय लिहा: "मार्चपर्यंत चार कॉर्ड न बघता बदलता यायला हवेत, आणि त्यासाठी कुठली पद्धत मला जमते ते शोधायचं".

लिहिताना मी तीन ओळी लिहायला सांगते. पहिली, वर्षाच्या शेवटी काय दिसायला हवं. दुसरी, साध्या दिवशी मी काय करेन. तिसरी, वाईट दिवशी मी काय करेन. तिसरी ओळ रिकामी राहत असेल तर ध्येय अजून तयार झालेलं नाही. समजा वाचनाचं आहे, तर साध्या दिवशी २० पानं आणि वाईट दिवशी एक पान, पण पुस्तक उघडायचंच. एक पान वाचून ज्ञान वाढत नाही हे मला मान्य आहे. पण उद्या परत सुरुवात करायची नसते, चालू असलेलं पुढे न्यायचं असतं, आणि या दोन्हींत फार फरक पडतो.

६. माझं ध्येय "सोडायचं" आहे, मोबाईल कमी, गोड कमी, चिडचिड कमी. हे चालेल?

चालेल, पण जमेल तिथे उलटवून लिहा. स्वीडनमध्ये हजारभर लोकांचा वर्षभर अभ्यास झाला होता, २०२० मध्ये छापून आला. "हे करणार" अशी ध्येयं असलेल्यांपैकी सुमारे ५९ टक्के लोकांनी वर्षाअखेर जमलं असं सांगितलं, "हे टाळणार" वाल्यांपैकी सुमारे ४७ टक्के. आणि विचार केला तर पटतंच, "मोबाईल बघायचा नाही" हे पूर्ण कसं करणार? नाही बघितला, मग त्या रिकाम्या अर्ध्या तासात काय? "जेवण झालं की मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला आणि मी मुलीबरोबर पत्ते खेळणार" असं लिहिलं की हातांना काम मिळतं.

एक अपवाद, आणि तो गंभीर आहे. रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाने एका रात्रीत स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करू नये. अचानक थांबवल्याने शरीराला धोकादायक त्रास होऊ शकतो, फिट्सही येऊ शकतात. सोडण्याचा निर्णय उत्तमच, पण आधी डॉक्टरांशी बोला. झोपेच्या गोळ्यांसारखी औषधं बरेच दिवस चालू असतील तर तिथेही हेच.

७. ठरवते पण वेळच मिळत नाही, दिवस कसा जातो कळत नाही. काय करू?

वेळ मिळायची वाट बघू नका, तो आधीच एखाद्या गोष्टीला बांधून ठेवा. पीटर गॉलविट्झर यांनी ज्या पद्धतीवर आयुष्यभर काम केलं ती अगदी साधी आहे: "जर अमुक झालं, तर मी तमुक करेन". "व्यायाम करेन" असं नाही, "ऑफिसातून आल्यावर बूट काढायच्या आधी मी १५ मिनिटं चालून येईन" असं.

इंग्लंडमध्ये २४८ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग आहे, २००२ सालचा. एका गटाला काहीच विशेष सांगितलं नाही, त्यांच्यातल्या ३८ टक्के लोकांनी पुढच्या आठवड्यात ठरलेला व्यायाम केला. दुसऱ्या गटाला व्यायामाने हृदयविकाराचा धोका कसा कमी होतो ते वाचायला दिलं, त्यांच्यातले ३५ टक्के. तिसऱ्या गटाला ते वाचायला दिलंच आणि वर कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे करणार तेही लिहून घेतलं, ते ९१ टक्के. गोष्ट एका आठवड्याची आहे, वर्षाची नाही, हे लक्षात ठेवा. पण नुसतं मोटिव्हेशन वाढवून हालचाल होत नाही हे त्यात लख्ख दिसतं, आणि आपण मात्र डिसेंबरभर मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघत बसतो.

बांधायला गोष्ट निवडताना ती रोज नक्की घडणारी हवी. "मुलं झोपली की" हे चांगलं वाटतं पण मुलं कधी झोपतील त्याचा भरवसा नाही. "दात घासून झाले की" हे कंटाळवाणं वाटतं, पण ते घडतंच. ज्यांचा दिवसच रोज वेगळा असतो त्यांनी प्रश्न १३ बघा.

८. २१ दिवस केलं की सवय लागते ना?

नाही हो. हा आकडा फिरत फिरत आलाय. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० मध्ये लिहिलं होतं की ऑपरेशननंतर नवीन चेहऱ्याची ओळख पटायला पेशंटला साधारण कमीत कमी २१ दिवस लागतात. "कमीत कमी" गळून पडलं, चेहरा गळून पडला, आणि उरलं "२१ दिवसात सवय".

सवयीचं खरंच मोजमाप केलं फिलिपा लॅली आणि त्यांच्या लंडनमधल्या सहकाऱ्यांनी. ९६ जण, १२ आठवडे, प्रत्येकाने एक छोटी गोष्ट रोज ठरलेल्या वेळी करायची. गोष्ट आपोआप व्हायला लागण्याचा मधला आकडा आला ६६ दिवस, पण माणसामाणसात फरक केवढा, १८ दिवसांपासून अंदाजे २५४ दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर बसली, व्यायाम उशिरा. म्हणून २२ व्या दिवशी अजून जड वाटत असेल तर तुमच्यात काही कमी नाही. मार्चअखेरपर्यंत जड वाटणार असं धरून चला, त्याआधी हलकं वाटलं तर आनंदच.

९. दहा दिवस नीट केलं, मग तीन दिवस खंड पडला. आता सगळं परत पहिल्यापासून?

नाही. आजचं करा, एवढंच. पण हे "एवढंच" का जमत नाही ते जरा खोलात सांगते, कारण माझ्या मते वर्षं इथेच हातची जातात.

डाएट करणाऱ्यांवर अभ्यास करताना जॅनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांना एक विचित्र गोष्ट दिसली. डाएटवर नसलेल्या माणसाने काही जड खाल्लं की तो पुढे कमी खातो. डाएटवाला मात्र एकदा नियम मोडला की पुढे उलट जास्त खातो, कारण त्याच्या हिशेबात आजचा दिवस गेलाच, मग आता राहिलंच काय. नुकसान त्या पहिल्या घासाने होत नाही, "गेलाच दिवस" या वाक्याने होतं. पैशांच्या बचतीत हेच, अभ्यासात हेच, रागावर ताबा ठेवायच्या प्रयत्नातसुद्धा हेच.

आणि आता दुसरी बाजू. लॅलींच्या अभ्यासात (प्रश्न ८) एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्यात विशेष फरक पडला नाही. नॉरक्रॉस यांच्या दोन वर्षांच्या अभ्यासात (प्रश्न ३) जे शेवटी यशस्वी ठरले त्यांच्यातल्याही ५३ टक्के लोकांचं मध्ये निदान एकदा तरी घसरलेलं होतं, आणि घसरण्याची सरासरी होती १४ वेळा. चौदा वेळा! हे यशस्वी लोकांचं सांगतेय मी. हा आकडा मला आधी माहीत असता तर माझी काही वर्षं वाचली असती, कारण मी पहिल्याच घसरणीला "आपल्याच्याने होत नाही" म्हणून पाटी पुसून टाकायचे आणि पुढच्या जानेवारीची वाट बघायचे.

उपाय म्हणून दोन गोष्टी. खंड पडणारच आहे असं धरून आधीच महिन्याला तीन-चार सुट्ट्या खात्यात ठेवा, "लागली तर वापरायची". टार्गेट रोजचंच ठेवायचं, पण ही सुट्टी वापरली तर नियम मोडला असं धरायचं नाही. आणि खंडानंतरच्या पहिल्या दिवशी राहिलेलं भरून काढायला जाऊ नका. तीन दिवस चाललो नाही म्हणून चौथ्या दिवशी दोन तास चाललं की पाचव्या दिवशी पाय दुखतात आणि परत खंड. पहिल्या दिवशी प्रश्न ५ मधली तिसरी ओळ, वाईट दिवसाची, तेवढीच करायची.

१०. सगळ्यांना सांगू का गुपचूप करू?

सगळ्यांना नको, एकाला सांगा. २००९ मध्ये गॉलविट्झर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असं दिसलं की "मी अमुक बनणार" हे दुसऱ्याने ऐकून मान डोलावली की काही लोकांचा त्यावरचा कष्टाचा वेळ उलट कमी होतो, जणू अर्धं बनल्यासारखंच वाटतं. स्टेटसवर लिहिलं, दीडशे लोकांनी वा वा केलं, की मनाला बक्षीस मिळून गेलेलं असतं.

पण ज्याच्या मताची आपल्याला किंमत आहे अशा एका माणसाला दर रविवारी "या आठवड्यात चार दिवस झालं" एवढा मेसेज टाकणं वेगळं. त्याला स्वप्न सांगू नका, हिशेब सांगा. आणि माणूस असा निवडा की तीन आठवडे मेसेज गेला नाही तर तो टोमणा न मारता "काय झालं गं" असं विचारेल.

११. लिहून ठेवलं की ध्येय पूर्ण होतं म्हणतात. येलचा अभ्यास आहे ना त्यावर?

तो अभ्यास झालेलाच नाही. १९५३ च्या येलच्या बॅचमधल्या ३ टक्के मुलांनी ध्येयं लिहिली होती आणि वीस वर्षांनी त्यांच्याकडे बाकी ९७ टक्क्यांपेक्षा जास्त पैसा होता, अशी गोष्ट असंख्य भाषणांत येते, कधी येलच्या जागी हार्वर्ड असतं. पण शोध घेतल्यावर असा अभ्यास झाल्याचं काहीच सापडलं नाही.

लिहिणं वाईट नाही, मी स्वतः लिहिते. पण एकदा लिहून वही कपाटात ठेवण्यापेक्षा प्रगती नोंदवत राहण्याला जास्त आधार आहे. २०१६ मध्ये १३८ अभ्यास एकत्र करून बघितलं गेलं, तर आपण कुठवर आलोय हे तपासत राहणाऱ्यांना ध्येय जास्त गाठता येतं असं दिसलं, आणि ते तपासलेलं कुठेतरी प्रत्यक्ष नोंदवलं की परिणाम आणखी वाढतो. मग अ‍ॅप का वही? जे रोज डोळ्यासमोर राहील ते. अ‍ॅपमधल्या स्ट्रीकची मला एक भीती वाटते, ८० दिवसांची साखळी तुटून शून्य दिसलं की माणूस अ‍ॅपच काढून टाकतो. त्यापेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरवर केलेल्या दिवसांना गोल करा आणि महिन्याचे गोल मोजा, गेल्या महिन्यात १७, या महिन्यात १९. तिथे शून्य होत नाही.

१२. रोज डोळे मिटून यश डोळ्यासमोर आणायचं, व्हिजन बोर्ड (हव्या त्या गोष्टींची चित्रं चिकटवलेला फलक) लावायचा, याने फायदा होतो का?

नुसतं तेवढंच केलं तर तोटा होऊ शकतो. गाब्रिएले ओटिंगेन यांनी वजन कमी करायच्या प्रोग्रॅममधल्या २५ स्त्रियांचा वर्षभर अभ्यास केला होता. आपल्याला जमेल असा विश्वास असलेल्यांचं वजन जास्त उतरलं, हे अपेक्षितच. पण ज्या बारीक झाल्यावरची गोड गोड चित्रं जास्त रंगवायच्या त्यांचं वजन इतरांपेक्षा सरासरी ११ किलोच्या आसपास कमी उतरलं. चित्र इतकं छान असतं की मन तिथे जाऊन आरामात बसतं.

त्यांनी सुचवलेला मार्ग असा: आधी इच्छा ठरवा, मग ती पूर्ण झाल्यावर काय छान होईल ते मनसोक्त बघा, आणि लगेच स्वतःला विचारा, "माझ्या आतलं काय आडवं येतंय?". खरं उत्तर मिळेपर्यंत थांबायचं. बऱ्याचदा पहिलं उत्तर "वेळ नाही" असतं आणि जरा थांबलं की "मला हसतील अशी भीती वाटते" हे वर येतं. मग त्या अडथळ्यासाठी प्रश्न ७ मधलं जर-तर वाक्य. बोर्ड लावायचाच असेल तर त्यावर अडथळाही चिकटवा.

१३. माझी शिफ्ट ड्युटी आहे / घरात तान्हं बाळ आहे / आई आजारी आहे. "रोज ठराविक वेळी" माझ्यासाठी शक्यच नाही.

हे अगदी बरोबर आहे आणि बहुतेक सल्ले या लोकांना धरून लिहिलेले नसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. तुमच्यासाठी घड्याळ बाजूला ठेवू. वेळेऐवजी प्रसंगाला बांधा: "ड्युटीचा ड्रेस बदलला की", "बाळाचं पहिलं दूध झालं की", मग ते पहाटे ४ ला असो का सकाळी ९ ला. दिवसाचं टार्गेट न ठेवता आठवड्याचं ठेवा, आठवड्यात तीनदा, कुठल्याही वारी.

आणि काही वर्षं अशी असतात की त्यात नवीन काही घेऊच नये. घरात मोठं आजारपण चालू असताना "मी माझी सात तास झोप सांभाळेन आणि आठवड्यातून एकदा मैत्रिणीला फोन करेन" हे पूर्ण वर्षाचं ध्येय होऊ शकतं, त्याला कमी लेखू नका.

१४. मला काय हवंय तेच कळत नाही. मग ध्येय कुठलं ठरवू?

जबरदस्तीने ठरवू नका. गेल्या वर्षाचं कॅलेंडर आणि फोनमधले फोटो घेऊन अर्धा तास बसा आणि दोनच गोष्टी शोधा: कुठे वेळ कसा गेला कळलं नाही, आणि कुठल्या गोष्टीचा परत परत मनस्ताप झाला. यातल्या एकावर तीन महिन्यांचा प्रयोग घ्या. प्रयोगाला नापास होणं नसतं, शेवटी "हे माझं नाही" कळलं तरी तो पूर्ण झाला.

जाता जाता हेही तपासा की ध्येय तुमचं आहे का शेजारणीचं, भावाचं, बॉसचं. एक सोपी परीक्षा आहे, हे पूर्ण झालेलं कुणालाच कधीच कळणार नसेल तरी मी करेन का?

मात्र काहीच हवंसं वाटत नाही, आवडायच्या त्या गोष्टीतही मन लागत नाही, झोप आणि भूक बिघडलीये, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर हा ध्येयाचा प्रश्नच नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा, यादी नंतर करू.

१५. निकाल माझ्या हातात नाही. नोकरी लागणं, परीक्षेत नंबर येणं, लग्न ठरणं. हे ध्येय म्हणून लिहू का?

इच्छा म्हणून लिहा, ध्येय म्हणून तुमच्या हातातला भाग लिहा. "नोकरी लागली पाहिजे" याऐवजी "दर आठवड्याला चार अर्ज आणि दोन ओळखीच्या लोकांशी बोलणं". नाहीतर होतं काय, सगळं नीट करूनही उत्तर नाही आलं की तुम्ही स्वतःला नापास धरता. आणि दर दोन महिन्यांनी मार्ग बदलायचा का ते बघा. चाळीस अर्ज जाऊन एकही फोन नसेल तर एक्केचाळिसावा तसाच पाठवण्यापेक्षा अर्ज कसा लिहिलाय ते कुणाला तरी दाखवा.

१६. मध्येच ध्येय सोडून दिलं तर ते हरणं नाही का?

कशामुळे सोडताय त्यावर आहे. कंटाळा आला, जड वाटतंय, परवा खंड पडला, ही कारणं असतील तर प्रश्न ९ वाचा आणि निदान एक महिना थांबा. परिस्थितीच बदलली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, किंवा करून बघितल्यावर हे आपल्याला नकोच आहे हे कळलं, तर सोडणंच शहाणपणाचं. कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनात आवाक्याबाहेर गेलेलं ध्येय सोडू शकणारे आणि दुसरं काही हाती घेणारे लोक मनाने जास्त बरे असल्याचं दिसतं.

फक्त वाईट दिवशी सोडू नका. एखाद्या बऱ्या दिवशी, झोप झालेली असताना, "हे मी या तारखेला या कारणासाठी थांबवतेय" असं लिहून सोडा. नुसतं विसरून गेलेलं ध्येय वर्षभर बोचत राहतं, लिहून थांबवलेलं तेवढं बोचत नाही.

१७. सलग तीन वर्षं तेच ध्येय आहे, तेच मोडतंय. चौथ्यांदा घेऊ का?

घ्या, पण तसंच्या तसं नको. आधी तिन्ही वर्षांत ते नक्की कुठल्या आठवड्यात मोडलं ते आठवा. माझं इंग्रजी लिहिण्याच्या सरावाचं ध्येय तीनदा मोडलं आणि तिन्ही वेळा ऑफिसातल्या मार्चच्या गडबडीत, तरी मी दरवर्षी जानेवारीत "या वेळी इच्छाशक्ती वाढवायची" असंच लिहायचे. चौथ्या वर्षी मी मार्च सरळ वगळला. १ मार्च ते ५ एप्रिल रोज फक्त तीन ओळी, आणि ६ एप्रिलला परत नेहमीचं अर्धं पान असं कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवलं. त्या मार्चमध्ये नऊ दिवस तीन ओळीसुद्धा झाल्या नाहीत. ६ एप्रिलला वही उघडली होती.